पंप चालतोय, पण टेलला तेल पोचतंय का? सेंट्रल ल्युब्रिकेशनची ओळख, जोडणी आणि देखभाल

शिफ्ट सुरू झाली की ऑपरेटर मशीनच्या मागे जातो, ल्युब टाकीत डोकावतो, पातळी उतरली असेल तर तेल ओततो, चेकशीटवर बरोबरची खूण करतो आणि जागेवर येतो. मीही कित्येक वर्षं एवढ्यावरच समाधानी होतो. मग एका व्हीएमसीचा (व्हर्टिकल मशीनिंग सेंटरचा) एक्स ॲक्सिस कुरकुरायला लागला. जॉबची मापं कधी बरोबर, कधी वीस-पंचवीस मायक्रॉन इकडेतिकडे. शेवटी टेलिस्कोपिक कव्हर खोललं. टेबल सरकवणाऱ्या बॉल स्क्रूच्या नटाकडे जाणारी ४ मिलिमीटरची नायलॉनची नळी फिटिंगपाशी तुटून लोंबकळत होती. स्क्रूवरून बोट फिरवलं तर बोटाला तांबूस भुकटी लागली. आणि तुटलेल्या नळीच्या तोंडाखाली, बरीवर (धातूच्या किसावर), स्वच्छ नव्या तेलाचा ओघळ.

टाकी रोज ठरल्याप्रमाणे उतरत होती. पंप वेळेवर फिरत होता, गेजचा काटा वर जात होता, अलार्म एकदाही आला नव्हता. फक्त त्या नटाच्या वाट्याचं तेल नटात न जाता कूलंटच्या टाकीत जात होतं. कूलंटवर तवंग जरा जास्त येतोय हे आम्ही बघितलंही होतं. स्किमर लावून काढत बसलो होतो.

कालव्याच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. धरणातून किती पाणी सोडलं हा आकडा हेडचा. टेलच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पाणी आलं का, हा प्रश्नच वेगळा. म्हणून तर पाटबंधारेवाले 'टेल टू हेड' पाणी द्यायचं म्हणतात. सेंट्रल ल्युब्रिकेशनकडे मी त्या दिवसापासून तसंच बघतो. टाकी, पंप, गेज, अलार्म हे सगळं हेड. बेअरिंग म्हणजे टेल.

व्यवस्था म्हणून गोष्ट सोपी आहे. एक टाकी, एक पंप, मुख्य लाइन, प्रत्येक पॉइंटला मोजून माल देणारं काहीतरी, आणि हे सगळं वेळेवर चालवणारा टायमर किंवा पीएलसी, म्हणजे मशीनचा कंट्रोलर. गन घेऊन महिन्यातून एकदा भरपूर ग्रीस कोंबण्याऐवजी मशीन चालू असतानाच थोडं थोडं, पण सतत द्यायचं. कल्पना जुनी आहे. एलायजा मॅकॉय हे अमेरिकेत रेल्वेवर फायरमन आणि ऑइलर म्हणून काम करत होते. चालत्या वाफेच्या इंजिनाला आपोआप तेल देणाऱ्या ल्युब्रिकेटरचं पेटंट त्यांनी १८७२ मध्ये घेतलं. तोवर तेल द्यायला गाडी थांबवावी लागायची.

आधी ओळखा, आपल्याकडे कोणती जात आहे

मॅन्युअल हरवलेलं असतं हे गृहीत धरूनच लिहितोय. लाइन बघून जात ओळखता येते, आणि ती ओळखल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. एका जातीतली दुरुस्ती दुसऱ्या जातीत बिघाड करते.

पहिली जात ठिबकासारखी. एकच लाइन, आणि प्रत्येक फांदीवर बारीक भोकाचा मीटरिंग युनिट. पंप दाब देतो, ज्याचं भोक मोठं त्याला जास्त तेल, ज्याचं लहान त्याला कमी. दाब फार नसतो. जुनी लेथ, मिलिंग मशीन, लहान ग्राइंडर यांच्यावर हीच दिसेल. यात एक फांदी तुटली की तिथून तेल मोकळं वाहतं आणि बाकीच्यांचा वाटा कमी होतो. साध्या ठिबकाची नळी फाटली की पुढची झाडं सुकतात, तसंच. ही जात फक्त तेलासाठी आहे. ग्रीस घालायच्या फंदात पडू नका.

दुसरी जात मापट्याची. बाहेरून पहिलीसारखीच दिसते, म्हणून घोळ इथेच होतो. हिच्या कार्ट्रिजमध्ये लहानसा पिस्टन आणि स्प्रिंग असते. दाब चढला की पिस्टन सरकतो, दाब उतरला की स्प्रिंग त्याला परत आणते, आणि एका फेरीत एक ठरलेलं माप बाहेर पडतं: ०.०३, ०.०६, ०.१, ०.२ सीसी, जे कार्ट्रिजवर कोरलं असेल ते. पंप दहा सेकंद चालो की वीस, माप तेवढंच. पण माप परत भरायचं तर मुख्य लाइनचा दाब पूर्ण उतरायलाच हवा. त्यासाठी पंपात रिलीज व्हॉल्व्ह असतो. आजच्या बहुतेक सीएनसी आणि व्हीएमसीवर हीच जात.

आता माझ्या तुटलेल्या नळीकडे परत या. नळी कार्ट्रिजच्या पुढे तुटली होती. कार्ट्रिज आपलं माप मोजून सोडत होतं, म्हणजे मुख्य लाइनचा दाब व्यवस्थित चढत होता. प्रेशर स्विचला कळणार कसं? मुख्य लाइन तुटली असती तर दाब चढलाच नसता आणि अलार्म आला असता. फांदी तुटली तर ही सिस्टिम गप्प राहते. हा तिचा दोष नाही. तिला तेवढंच दिसतं.

तिसरी जात प्रोग्रेसिव्ह. एक ठोकळा, त्यात एक इनलेट आणि दोन्ही बाजूंना सहा, आठ, बारा आउटलेट. आत पिस्टन एकापुढे एक. पहिल्याने आपला माल सोडल्याशिवाय दुसऱ्याकडे वाट उघडत नाही, दुसऱ्याने सोडल्याशिवाय तिसऱ्याकडे नाही. पंगतीत वाढपी एका पानावर वाढल्याशिवाय पुढे सरकत नाही, तसं. एका आउटलेटची वाट बंद झाली की सगळा ठोकळा जागच्या जागी थांबतो. पॉवर प्रेस, इंजेक्शन मोल्डिंग, जेसीबी आणि टिपर यांच्यावर ही सापडते. तिचा मोठा गुण असा की एका पिस्टनवर सेन्सर बसवला की सगळ्या आउटलेटची बातमी कळते. हा हलतोय म्हणजे सगळे हलतायत.

आणि तिच्यातली ठरलेली चूक: पॉइंट कमी झाला म्हणून मोकळ्या आउटलेटला बोल्ट ठोकून बंद करणं. आउटलेट बंद म्हणजे पिस्टन बंद म्हणजे ठोकळा बंद. दोन आउटलेट आतून एकत्र करायची सोय बहुतेक ठोकळ्यांत असते. ती वापरूनच एक तोंड बंद करायचं, आणि मग शेजारच्या तोंडातून दुप्पट माल येणार हेही लक्षात ठेवायचं. सोय सापडली नाही तर त्या तोंडाची नळी सरळ टाकीत किंवा बाटलीत सोडा.

चौथी दोन लाइनची. प्रत्येक डिस्ट्रिब्युटरमधून दोन जाड पाइप समांतर गेलेले दिसले की हीच. पंप आधी एका लाइनला दाब देतो, तेव्हा दुसरी टाकीकडे मोकळी असते. सगळ्या डिस्ट्रिब्युटरचे पिस्टन एका बाजूला सरकतात आणि माल सोडतात. शेवटच्या टोकाला दाब पुरेसा चढला की चेंजओव्हर व्हॉल्व्ह फिरतो आणि आता दुसरी लाइन दाबाखाली येते. अंतर लांब, पॉइंट शेकड्याने, दाब काहीशे बारपर्यंत, अशा ठिकाणी ही लागते: पोलाद, सिमेंट, साखर. एक पॉइंट तुंबला तर बाकीचे चालूच राहतात. उत्पादन थांबत नाही ही चांगली गोष्ट, आणि तुंबलेला पॉइंट कुणाला कळत नाही ही वाईट.

टर्बाइन, मोठे गिअरबॉक्स यांच्यातलं फिरतं तेल, तसंच स्पिंडलची ऑइल-एअर पद्धत हे वेगळे विषय आहेत. इथे घेत नाही.

पायरी १: पॉइंट मोजा

कागद-पेन्सिल घ्या, मशीन बंद करून मेन स्विचला कुलूप लावा आणि कव्हरं काढा. टाकीपासून सुरुवात करू नका. बेअरिंगपासून उलटं टाकीकडे या. प्रत्येक नळी हाताने धरून मागे मागे जायचं आणि दोन्ही टोकांना एकच नंबर बांधायचा. हे काम कंटाळवाणं आहे, अर्धा दिवस जातो, पण दोन गोष्टी हमखास सापडतात: कुठेच न जाणारी एक नळी, आणि एकही नळी न आलेलं एक बेअरिंग.

पायरी २: माल कोणता

स्लाइडवेला, म्हणजे सरकपट्टीला, स्लाइडवे ऑइलच. हायड्रॉलिकचं ६८ नंबर आणि स्लाइडवेचं ६८ नंबर दोन्ही आयएसओ व्हीजी ६८ असले तरी एक नाहीत. नंबर फक्त घट्टपणा सांगतो. स्लाइडवे तेलात चिकटून राहण्यासाठी आणि टेबल अडखळत सरकू नये म्हणून वेगळी द्रव्यं घातलेली असतात. हायड्रॉलिक तेल घातलं तर मशीन चालेल, पण मंद फीडला टेबल झटके देत जाईल आणि तुम्ही सर्व्हो ड्राइव्हला दोष देत बसाल. उभ्या सरकपट्टीवरून तेल ओघळून जाऊ नये म्हणून २२० नंबरही वापरतात, पण तेवढ्या घट्ट तेलाला तुमचा पंप आणि कार्ट्रिज चालतात का हे आधी बघा.

ग्रीसचा घट्टपणा एनएलजीआय नंबरने सांगतात. २ नंबर म्हणजे नेहमीचं, डब्यातून बोटाने काढलं तर बोटावर उभं राहणारं. १ मऊ, ० आणखी मऊ, ०० आणि ००० जवळपास ओतता येणारं. लाइन लांब असेल तर १ किंवा ० घ्या. २ नंबर जूनमध्ये सरकेल, जानेवारीच्या पहाटे नाही.

दोन जातींचं ग्रीस एकत्र करू नका. लिथियमचं ग्रीस आणि क्ले किंवा पॉलियुरियाचं ग्रीस एकत्र आलं तर कधी पातळ होऊन गळतं, कधी लाइनमध्येच घट्ट होतं. ब्रँड बदलायचा असेल तर सप्लायरकडून जमतं की नाही हे लेखी घ्या, नाहीतर लाइन पूर्ण रिकामी करून नव्याने भरा. ग्रॅफाइट किंवा मॉलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं) ग्रीस प्रोग्रेसिव्ह ठोकळ्यात घालण्याआधीही विचारा. पिस्टनची फट इतकी बारीक असते की घन कण तिथे साठून बसतात.

पायरी ३: माप काढा

इथे बरेच जण अंदाजाने जातात. अंदाज म्हणजे बहुतेक वेळा जास्त. जास्त ग्रीसने बेअरिंग घुसळून तापतं, सील बाहेर येतं. जास्त तेल कूलंट नासवतं.

बेअरिंगसाठी प्रचलित सूत्र साधं आहे: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५. उत्तर ग्रॅममध्ये. २२२२० नंबरचं स्फेरिकल रोलर बेअरिंग घ्या. बाहेरचा व्यास १८०, रुंदी ४६. म्हणजे ४१.४ ग्रॅम. हे एका वेळी गनने द्यायचं माप, ग्रीस बाजूने जात असेल तेव्हाचं. बाहेरच्या रिंगमधल्या मधल्या खाचेतून जात असेल तर ०.००५ ऐवजी ०.००२ धरतात, म्हणजे साधारण १६.६ ग्रॅम.

समजा बाजूने ग्रीस जातंय, आणि बेअरिंगच्या तक्त्याप्रमाणे वेग बघून हे माप आठवड्याला द्यायचं येतंय. मशीन सहा दिवस चोवीस तास चालतं, म्हणजे १४४ तास. ४१.४ भागिले १४४, तासाला ०.२९ ग्रॅम. ग्रीसची घनता साधारण ०.९ धरली तर तासाला ०.३२ सीसी. दर अर्ध्या तासाला एक फेरी ठेवली तर फेरीला ०.१६ सीसी. झालं. बेअरिंग ७० अंशांच्या वर तापत असेल तर वरच्या दर १५ अंशांना कालावधी निम्मा करायचा, हा जुना नियम इथेही लागू.

व्हीएमसीचं गणित याहून सोपं. तीन ॲक्सिस, प्रत्येकावर चार एलएम ब्लॉक (रुळावर सरकणारी बेअरिंग) आणि एक बॉल स्क्रू नट. बारा ब्लॉकना ०.०६ प्रमाणे ०.७२ सीसी, तीन नटांना ०.१ प्रमाणे ०.३ सीसी. एका फेरीत १.०२ सीसी. दर वीस मिनिटांनी फेरी म्हणजे तासाला साधारण ३ सीसी, वीस तासांच्या दिवसाला ६१ सीसी. दोन लिटरच्या टाकीतलं १.८ लिटर उपयोगी धरलं तर टाकी २९ दिवस पुरायला हवी.

हा २९ चा आकडा टाकीवर मार्करने लिहून ठेवा. टाकी पंधरा दिवसांत संपली तर कुठेतरी गळती आहे किंवा कुणीतरी टायमर फिरवला आहे. दोन महिने टिकली तर ती काटकसर नव्हे. कुठेतरी बेअरिंग उपाशी आहे.

पायरी ४: नळ्या

तेलाच्या कमी दाबाला नायलॉन चालते. ग्रीसच्या मोठ्या दाबाला स्टीलचा पाइप आणि हलत्या भागाला हाय प्रेशर होज. तांब्याची नळी दिसायला छान, वाकवायला सोपी, पण थरथरत्या जागी ती हळूहळू कडक होते आणि फिटिंगच्या मुळाशी चिरते. वापरायचीच तर क्लॅम्प जवळ जवळ मारा.

नायलॉनची नळी ब्लेडने काटकोनात कापा, पक्कडने तोडू नका. चेपलेलं तोंड फेरूलमध्ये, म्हणजे नळीवर आवळल्या जाणाऱ्या कडीत, नीट बसत नाही. फेरूल एकदा आवळलं की ते त्याच नळीचं. नवीन नळीला नवीन फेरूल. दहा रुपयांच्या आत येणारी वस्तू वाचवायला जाऊन मी स्वतः एकदा रविवार घालवला आहे.

कार्ट्रिज बदलताना जुन्यावरचा नंबर वाचा. मापट्याच्या लाइनमध्ये ठिबकाचं कार्ट्रिज बसवलं तर आटे जुळतात, पण तेल तिथून मोकळं वाहतं आणि दाब चढत नाही.

ग्रीसची नळी बसवण्याआधी गनने भरून घ्या. सहा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाच मीटर नळीत साधारण १४० सीसी माल मावतो. ती रिकामी जोडली आणि फेरीला ०.१६ सीसी येत असेल तर बेअरिंगपर्यंत पोचायला साडेआठशेहून जास्त फेऱ्या, म्हणजे अर्ध्या तासाच्या हिशेबाने अठरा दिवस. तोवर बेअरिंग कोरडंच. नवीन मशीनच्या पहिल्याच महिन्यात बेअरिंग गेलं, अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हे विचारतो.

पायरी ५: हवा काढा

हवा दबते, तेल दबत नाही. लाइनमध्ये हवेचा बुडबुडा असेल तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि कार्ट्रिजच्या पिस्टनपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. टाकी पूर्ण रिकामी झाली, म्हणजे पंपाने हवा ओढली, की फक्त तेल ओतून भागत नाही.

मुख्य लाइनचं सगळ्यात लांबचं टोक शोधा, तिथला प्लग दोन आटे सैल करा आणि पंप हाताने चालवा. आधी फेस येईल, मग फुटक फुटक, मग सलग धार. सलग धार आल्यावर पंप चालू असतानाच प्लग आवळा. मग पुढच्या फांदीकडे. फांद्यांना वेळ लागतो, कारण तिथे थेंबाथेंबानेच येणार. धीर धरा, चहा मागवा.

ग्रीसच्या टाकीत वेगळी गंमत होते. पंपाच्या तोंडावरचं ग्रीस संपतं, मध्ये खड्डा पडतो आणि कडेला ग्रीस तसंच चिकटून राहतं. टाकी अर्धी भरलेली दिसते आणि पंप हवा ओढत असतो. म्हणून चांगल्या टाकीत वरून दाबणारी प्लेट किंवा आत फिरणारं पातं असतं. ग्रीस झाकण उघडून फळीने भरू नका. भरण्याचं निपल खाली असतं, तिथून ट्रान्सफर पंपाने, फिल्टरमधून भरा. झाकण उघडलं की ग्रीससोबत धूळ, बर आणि चिंध्यांचे धागे आत जातात, आणि ते थेट पिस्टनच्या फटीत जाऊन बसतात.

पायरी ६: टायमर आणि अलार्म

टायमर घड्याळावर चालतोय की मशीन चालू असण्यावर, हे आधी बघा. घड्याळावर असेल तर रात्रभर उभ्या मशीनखाली सकाळी तेलाचं तळं. मशीनच्या चालण्यावरच बांधा. मात्र सुट्टीनंतर पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन फेऱ्या हाताने द्या.

पातळीचा अलार्म आला की चालू सायकल पूर्ण होऊ द्यावी आणि पुढची सुरू होऊ नये, असं पीएलसीत ठेवावं. मध्येच थांबवलं तर जॉब वाया जातो, आणि मग पुढच्या वेळी ऑपरेटर फ्लोट स्विचची वायर शॉर्ट करून ठेवतो. मी टाकीच्या मागे असे तुकडे जोडलेले इतक्यांदा बघितले आहेत की आता कुठल्याही मशीनला हात लावला की आधी फ्लोट बोटाने खाली दाबतो. अलार्म वाजला तर पुढचं बोलू.

पायरी ७: टेलची तपासणी

महिन्यातून एकदा, मशीन बंद असताना, कव्हरं काढून प्रत्येक पॉइंटवर जा. मापट्याच्या जातीत पॉइंटजवळची नळी सैल करा, तोंड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि पंप हाताने चालवून दहा फेऱ्या द्या. दहा फेऱ्यांनी ०.०६ च्या कार्ट्रिजमधून ०.६ सीसी यायला हवं. औषधाच्या दुकानातली १ मिलिलिटरची सिरिंज आणली की मोजताही येतं. सगळे पॉइंट दरमहा मोजायची गरज नाही, पाच-पाच करत फिरा. पण सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात आत दडलेला पॉइंट दर वेळी घ्यायचाच.

सरकपट्टीवर बोट फिरवा. पातळ, स्वच्छ थर हवा. कोरडं किंवा तांबूस असेल तर नळी शोधा. काळं आणि दाट असेल तर बर आत जातेय, वायपर बदला.

दोन लाइनच्या सिस्टिममध्ये डिस्ट्रिब्युटरवर बारीक पिना असतात, पिस्टनसोबत आतबाहेर होणाऱ्या. फेरी चालू असताना समोर उभं राहून एकेक पिन बघायची. प्रोग्रेसिव्हमध्ये ठोकळ्यावरच्या एका पिनवर काम भागतं, पण ठोकळ्यापासून बेअरिंगपर्यंतची नळी तुटली तर ती पिन आनंदाने हलत राहते. नळी डोळ्यांनीच बघावी लागते.

बिघाड शोधताना

आधी जिवाची गोष्ट. ग्रीसच्या सिस्टिमचा दाब शेकडो बारचा असतो. बारीक भोकातून उडालेलं ग्रीस कातडी भेदून आत जातं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण, दुखतही नाही फार, आणि आत बोटभर ग्रीस पसरलेलं. घरगुती उपचार करत बसू नका. ताबडतोब, शल्यचिकित्सेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि आत काय गेलं ते डॉक्टरांना सांगा. उशीर झाला तर बोट जातं. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. फिटिंग सैल करण्याआधी दाब उतरवा.

दाब चढतच नाही: टाकी, मग पंपाचं सक्शन फिल्टर, मग हवा, मग मुख्य लाइनची गळती, मग चुकीचं कार्ट्रिज. या क्रमानेच. पंप उघडायचा तो शेवटी. नवशिका आधी पंपच उघडतो.

दाब चढतो पण उतरत नाही: मापट्याच्या जातीत हा सगळ्यात फसवा बिघाड. गेजचा काटा वरच उभा, सगळ्यांना वाटतं दाब एक नंबर आहे. रिलीज व्हॉल्व्ह अडकलेला असतो आणि एकही माप बाहेर पडत नसतं. काटा वर गेला का एवढंच बघू नका, खाली आला का तेही बघा.

प्रोग्रेसिव्हच्या पंपावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून ग्रीसची शेवई येतेय: ठोकळा किंवा त्याच्या पुढचं काहीतरी तुंबलं आहे. आउटलेट एकेक करून सैल करत जा. ज्या नळीचं नट सैल केल्याबरोबर जोराने ग्रीस येईल आणि बाकीचे चालू होतील, ती वाट तुंबलेली. सेफ्टी व्हॉल्व्ह घट्ट आवळून 'गळती' थांबवणारे महाभाग मी बघितले आहेत.

साखर कारखान्यातली टेल

टेल म्हणजे काय हे मला खरं कळलं ते मिल हाउसमध्ये. तीन रोलरची एक मिल: टॉप, फीड, डिस्चार्ज. प्रत्येक रोलरला दोन जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारी टोकं. त्यांची बेअरिंग ती ब्रास, मिलमागे सहा. एकामागे एक चार मिलचं टँडम धरलं तरी चोवीस, वर पिनियन आणि प्रेशर फीडरचे वेगळे. टॉप रोलरवर हायड्रॉलिकचा प्रचंड भार आणि रोलर फिरतो मिनिटाला चार-पाच फेरे. एवढ्या मंद वेगाला जर्नलखाली तेलाची फिल्म नीट उभीच राहत नाही. म्हणून दाट, चिकट वंगण, आणि तेही सतत. त्यात वरून उसाचा रस उडतोय, बगॅसचे तंतू बसतायत, धुवायला गरम पाणी. ब्रास तापलं तर मिल थांबते. मिल थांबली की मागे गव्हाणीत ऊस, यार्डात गाड्या, आणि रस्त्यावर बैलगाड्यांची रांग.

लाइन लांब, दोन पाइपची. पंप मिल हाउसच्या एका टोकाला आणि शेवटची मिल दुसऱ्या टोकाला. गळीत हंगाम ऐन थंडीचा. पहाटे तीनला ग्रीस सगळ्यात घट्ट, आणि फेरी पूर्ण व्हायला दुपारच्या मानाने जास्त वेळ लागतो. 'फेरी अपूर्ण' अलार्म पहाटेच का येतो, याचं उत्तर हे. टायमरची मुदत वाढवून अलार्म शांत करता येतो. पण नंबर १ ऐवजी ० चं ग्रीस घेतलं, किंवा वाफेच्या पाइपशेजारून लाइन नेली, तर दुखणंच जातं. वाफेच्या पाइपला चिकटवू मात्र नका. सतत तापलं तर ग्रीसमधलं तेल वेगळं होतं आणि साबण (ग्रीसला घट्टपणा देणारा भाग) मागे राहून लाइन बुजते.

तिथे एक फिटर रात्रपाळीला बॅटरी घेऊन प्रत्येक डिस्ट्रिब्युटरसमोर उभा राहायचा. पिनांच्या टोकांना त्याने पिवळा रंग लावला होता. फेरी सुरू झाली की पिवळे ठिपके एकामागून एक आत जायचे. एक ठिपका बाहेरच राहिला तर तो पुढच्या फेरीलाही तिथेच थांबून बघायचा, मग त्या ब्रासच्या बाजूला हाताचा पंजा मागून टेकवायचा. कुठल्याही पॅनेलच्या आधी त्याला कळायचं.

हंगाम संपल्यावर मिल उघडतात, ब्रास काढतात, नळ्या सोडतात. सोडलेल्या प्रत्येक नळीच्या तोंडाला त्याच दिवशी कॅप लावा. कॅप नसेल तर प्लास्टिक गुंडाळून तार बांधा. पावसाळ्यात उघड्या तोंडात पाणी जातं, कुंभारीण माती भरते, आणि पुढच्या हंगामात पहिल्या आठवड्यात नेमकी तीच वाट तुंबते. डिस्ट्रिब्युटर ग्रीसने भरलेलेच ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा पंपाच्या दोन फेऱ्या देऊन पिना हलवून घ्या. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं की, मोळी टाकण्याआधी, शेवटच्या मिलपासून सुरुवात करा: ब्रासजवळचं नट सैल करा, पंप लावा, आधी तपकिरी, पाणचट माल येईल तो फडक्यावर घ्या, ताजा रंग दिसला की नट आवळा, आणि एक मिल अलीकडे या.